नवा टॅब्लेट: कोणता दोष खपवून घ्यायचा, कोणता नाही

प्रश्न थोडक्यात असा: नुकताच बाजारात आलेला ११ इंची अँड्रॉइड टॅब्लेट घ्यावा का? वापर मुख्यतः पीडीएफ वाचणं, पेनने टिपणं काढणं, व्हिडिओ कॉल, आणि जमलंच तर थोडी चित्रकला. स्क्रीन १९२० बाय १२०० ची एलसीडी, ९० हर्ट्झची (चित्र सेकंदाला ९० वेळा ताजं होतं). रॅम (चालू कामापुरती मेमरी) आणि स्टोरेज ४/६४ किंवा ८/१२८ जीबी. बॅटरी ८००० एमएएच, चार्जिंग १५ वॅट. धातूची बॉडी, चार स्पीकर, पेन वेगळं विकत घ्यायचं. अँड्रॉइडच्या पुढच्या दोन आवृत्त्या देऊ, असं कंपनी म्हणते. काही परीक्षणं त्याला डोक्यावर घेतायत, काही नाकं मुरडतायत, तर विश्वास कुणावर ठेवायचा? आणि पेन सवडीने नंतर घेतलं तर चालेल का?

विश्वास दोघांवरही ठेवा, कारण दोघंही बहुधा खरंच सांगतायत. फक्त परीक्षणं पहिल्या आठवड्यात लिहिली जातात आणि पहिल्या आठवड्यात सगळेच टॅब शहाण्यासारखे वागतात. माझं काम दुसऱ्या टोकाला असतं. संस्थेसाठी टॅब निवडायचे, लोकांच्या हाती द्यायचे आणि तीन-चार वर्षांनी ते परत आले की कशाने दम सोडला ते बघायचं. तिथून पाहिलं तर गुणदोषांचा क्रम पार बदलतो. कॅमेरा बरा नाही, कडा जाड आहेत, डब्यात चार्जर नाही, या तक्रारी तोवर कुणाला आठवतही नाहीत. ऐकू येतं ते हे: "हँग होतो", "जागा भरली म्हणतो", "ॲप अपडेट होत नाही", "पेन नीट उमटत नाही".

म्हणून दोष दिसला की तो किती मोठा आहे हे मी आधी विचारत नाही. हा पुढे सुधारेल, आहे तसाच राहील की वाढत जाईल, एवढंच विचारतो. सॉफ्टवेअरमधली चूक सुधारू शकते. साधा कॅमेरा आहे तसाच राहतो, त्याची सवय होते. अपुरी रॅम, संथ स्टोरेज, थोड्या वर्षांचे अपडेट हे वाढत जाणारे दोष. आणि टॅबमध्ये नंतर काहीच बसवता येत नाही. घेताना जे पदरात पडलं तेच शेवटपर्यंत.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जुनं आहे, पण मला त्याहून चांगलं सापडलेलं नाही. पहिला आयपॅड एप्रिल २०१० मध्ये विक्रीला आला. तेव्हा टीका कशावर झाली? कॅमेरा नाही, वेबसाइटवरचे व्हिडिओ आणि गेम चालवणारं ॲडोबीचं फ्लॅश चालत नाही, यूएसबी नाही. त्याला मारलं मात्र वेगळ्याच गोष्टीने. त्यात रॅम होती २५६ एमबी आणि कंपनीच्या माहितीपत्रकात हा आकडा नव्हताच. सप्टेंबर २०१२ मध्ये आयओएस ६, म्हणजे आयपॅडच्या सिस्टिमची नवी आवृत्ती, आलं त्यात पहिल्या आयपॅडचं नाव नव्हतं, म्हणजे अडीच वर्षांत खेळ आटोपला. दुसरा आयपॅड जेमतेम वर्षभराने, मार्च २०११ मध्ये आला. स्क्रीन तीच, ९.७ इंच, १०२४ बाय ७६८. पण रॅम ५१२ एमबी आणि प्रोसेसर दोन कोअरचा, म्हणजे एकाच्या जागी दोन मेंदूंचा. त्याला आयओएस ९ पर्यंतचे अपडेट मिळाले, २०१६ मध्ये आयओएस १० येईपर्यंत तो यादीत होता. दुकानात शेजारी शेजारी ठेवले असते तर दोघांत कॅमेरा आणि जाडी एवढाच फरक दिसला असता.

तुमच्या टॅबच्या ४ जीबीच्या आवृत्तीकडे मी याच नजरेने बघतो. आज ती चालेल, खोटं कशाला बोलू. पण अँड्रॉइड आणि मागे चालणाऱ्या सेवा मिळून त्यातला मोठा वाटा सुरुवातीलाच घेतात. तुमचा वापर असा की स्क्रीनचे दोन भाग करून डावीकडे पीडीएफ आणि उजवीकडे टिपणवही उघडी असणार. मध्येच काहीतरी शोधायला ब्राउझर उघडला, परत आलात, की पीडीएफ पुन्हा पहिल्या पानापासून लोड होताना दिसेल. कमी रॅम अशीच समोर येते. टॅब बंद पडत नाही, तो विसराळू होतो. अभ्यास करणाऱ्याला हे संथपणापेक्षा जास्त वैतागवाणं असतं.

हे तपासता येतं. स्कॅन केलेलं एखादं जाड पुस्तक उघडा, मधल्या एखाद्या पानावर जा, शेजारी टिपणवही उघडून दोन ओळी लिहा. मग ब्राउझरमध्ये चार-पाच जड पानं उघडा, कॅमेरा उघडून एक फोटो काढा आणि परत या. पुस्तक त्याच पानावर असेल आणि ओळी जागेवर असतील तर ठीक. दुकानातल्या नमुन्यावर हे करू देतीलच असं नाही, पण घेतल्यावर परत करायच्या मुदतीत पहिलं काम हेच करा.

"४ + ४ = ८ जीबी रॅम" अशी बेरीज डब्यावर दिसली तर ती ४ जीबीच समजा. त्यातले दुसरे ४ स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. रॅमच्या मानाने स्टोरेज फार संथ, त्यामुळे या उसनवारीने मागची ॲप थोडी जास्त टिकतात इतकंच, वेग वाढत नाही. शिवाय तिथे सतत लिहिणं-खोडणं चालू राहून स्टोरेज झिजतं ते वेगळंच.

स्टोरेजबद्दल परीक्षणांत ६४ की १२८ एवढीच चर्चा होते. मला आधी त्याचा प्रकार हवा असतो. स्वस्त टॅबमध्ये ईएमएमसी असतं, जरा बऱ्या टॅबमध्ये यूएफएस. ईएमएमसी एका वेळी एक तर वाचतं नाही तर लिहितं. यूएफएस दोन्ही एकदम करतं. एरवी फरक जाणवत नाही, पण मागे ॲप अपडेट उतरत असताना तुम्ही टिपणं काढायला बसलात की ईएमएमसीवाला टॅब अडखळतो आणि पेनची रेघ तुमच्या हातामागे राहते. दोष पेनला दिला जातो, गुन्हेगार आत बसलेला असतो. स्टोरेजची ही फ्लॅश मेमरी भरत आली की लिहिणं आणखी मंदावतं, कारण तिला जुनं पुसून जागा करत बसावं लागतं. गूगलच्या २०१२ च्या नेक्सस ७ या टॅबची ही बोंब त्या काळी सगळीकडे होती. २०१३ च्या अँड्रॉइड ४.३ ने मोकळी झालेली जागा वेळोवेळी साफ करण्याची सोय आणली तेव्हा कुठे जरा आराम पडला. आजही स्टोरेजचा पाचवा हिस्सा मोकळा ठेवा असं मी सांगतो आणि ६४ जीबीमध्ये ते कुणाकडूनही होत नाही. सिस्टिमच त्यातला बराच भाग खाते. मेमरी कार्डाची खाच आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कार्ड चित्रपट आणि पुस्तकं ठेवायला उत्तम, ॲपसाठी नाही.

एकाच नावाखाली दोन वेगळी यंत्रं विकली जातात, हेही ध्यानात असू द्या. महागड्या टॅबलाही हे चुकलेलं नाही. २०२४ च्या एम४ आयपॅड प्रोमध्ये २५६ आणि ५१२ जीबीच्या आवृत्त्यांना ८ जीबी रॅम आणि ९ कोअर होते, तर १ आणि २ टीबीच्या आवृत्त्यांना १६ जीबी आणि १० कोअर. परीक्षकाच्या हातात बहुतेक वेळा वरची आवृत्ती असते. तेव्हा परीक्षण वाचताना ते कुठल्या आवृत्तीचं आहे हे आधी शोधा. ८ जीबीचं कौतुक वाचून ४ जीबीचा डबा घरी आणणारे खूप आहेत.

आता स्क्रीन. ११ इंचांत १९२० बाय १२०० म्हणजे इंचाला साधारण २०६ ठिपके. पहिल्या आयपॅडला १३२ होते, २०१२ च्या तिसऱ्याला २६४. हातभर अंतरावरून वाचायला २०६ पुरतात. मात्र जुनी, स्कॅन केलेली देवनागरी पुस्तकं वाचणार असाल तर लहान टाइपातले रफार, अनुस्वार आणि उभी जोडाक्षरं थोडी गिजबिज दिसतील आणि पान मोठं करून वाचावं लागेल. ही त्रुटी वाढणार नाही. चालवून घेता येण्यासारखी आहे.

त्याहून महत्त्वाचं आहे स्क्रीनचं गुणोत्तर आणि त्याकडे जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही. इंच कर्णाचे मोजतात, क्षेत्रफळाचे नव्हे. ११ इंच १६:१० ला (तुमच्या टॅबचं गुणोत्तर हेच) साधारण ५४ चौरस इंच भरतात, तेच ४:३ ला ५८. ए-४ आकाराची पीडीएफ टॅब उभा धरून पूर्ण पान दिसेल अशी उघडली तर १६:१० वर ती मूळ कागदाच्या सत्तर टक्के रुंदीची दिसते, ४:३ वर पंचाहत्तर टक्के, आणि १३ इंची ४:३ वर जवळपास एकोणनव्वद टक्के. बारा पॉइंटचा मजकूर सत्तर टक्क्यांवर आला की साडेआठ पॉइंटचा होतो. रोज दोन-तीन तास वाचणाऱ्याने हा हिशोब करूनच घ्यावा. व्हिडिओसाठी मात्र १६:१० च बरं, काळे पट्टे कमी. तुमच्या यादीत पीडीएफ पहिली आहे, म्हणून हा मी दोषच धरतो. मध्यम, न वाढणारा.

९० हर्ट्झचा गवगवा ऐकून भुलू नका. सरकवताना मजकूर मऊ दिसतो हे खरं, पण नव्याचे नऊ दिवस. पेनने लिहिताना त्याचा थोडा खरा फायदा होतो, तोही प्रोसेसरला तेवढा वेग टिकवता आला तर. स्क्रीन आणि काच चिकटवलेली आहे का, हा प्रश्न त्याहून मोठा. स्वस्त टॅबमध्ये दोहोंत हवेची फट असते. तिरकं पाहिलं तर चित्र काचेच्या खाली कुठेतरी बुडाल्यासारखं दिसतं आणि बोटाने टकटक केली तर पोकळ आवाज येतो. फट असेल तर पेनचं टोक एकीकडे आणि रेघ किंचित दुसरीकडे उमटते. लिहिताना याची सवय होते, चित्र काढताना होत नाही. माहितीपत्रकात "फुल लॅमिनेशन" हा शब्द नसेल तर ते नाही असंच समजा. असलेला गुण कंपन्या कधी लपवत नाहीत.

व्हिडिओ बघणार असाल तर वाइडवाइनची, म्हणजे स्ट्रीमिंगच्या व्हिडिओची नक्कल रोखणाऱ्या गूगलच्या व्यवस्थेची, पातळी तपासा. एल१ हवी. एल३ असेल तर मोठ्या स्ट्रीमिंग सेवा ४८० पी च्या वर जात नाहीत, मग स्क्रीन कितीही तीक्ष्ण असो. पातळी दाखवणारी फुकट ॲप मिळतात.

पेनवर जरा थांबतो, कारण तुमचा अर्धा वापर त्यावर आहे. "४०९६ दाबपातळ्या" (पेन किती जोराने दाबलं ते ओळखायचे टप्पे) हा आकडा सोडून द्या. दोन पेनांचा हा आकडा तोच असून अनुभवात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मी तीन गोष्टी बघतो. पहिली, तिरकी रेघ. स्क्रीनवर पट्टी ठेवून कोपऱ्याकडून कोपऱ्याकडे अगदी सावकाश रेघ ओढायची. चांगल्या यंत्रावर ती सरळ येते. सुमार यंत्रावर लाटा उमटतात, कारण काचेखालच्या संवेदकांच्या जाळीत दोन तारांमधली जागा नीट मोजली जात नाही. भरभर ओढली तर हा दोष लपतो, म्हणून विक्रेता नेहमी भरभर ओढून दाखवतो. दुसरी गोष्ट, हलका स्पर्श. पेन टेकवल्या टेकवल्या ठिपका उमटला पाहिजे, दाब द्यायला लागता कामा नये. इंग्रजी लिहिणाऱ्याला हे फारसं जाणवत नाही, त्याची रेघ वाहती असते. आपल्या लिपीत पेन सारखं उचलावं लागतं: मात्रा, वेलांटी, अनुस्वार, वरून शिरोरेषा. जास्त दाब मागणाऱ्या पेनात अनुस्वार गळतात आणि पानभर लिहून झाल्यावर ते ध्यानात येतं. म्हणून चाचणीला आपली सही करू नका. अनुस्वारांनी भरलेलं एखादं वाक्य नेहमीच्या वेगाने लिहा. तिसरी, तळहात. आधी हात टेकवा, मग पेन लावा. पान हललं किंवा हाताचा डाग उमटला तर टिपणांसाठी तो टॅब बाद.

नावावर जाऊन पेन घेऊ नका. ॲपलनेच २०२३ मध्ये यूएसबी-सी वालं पेन्सिल काढलं, त्याला दाब कळतच नाही. लिहायला ठीक, चित्रकाराच्या उपयोगाचं नाही.

बॅटरीची चिंता मी करत नाही. ८००० एमएएच म्हणजे सुमारे ३१ वॅट-तास. १५ वॅटने कागदोपत्री दोन तासांवर, प्रत्यक्षात तीनच्या आसपास, कारण शेवटचा टप्पा नेहमी हळू भरतो. झोपताना लावायचा असेल तर याने काय बिघडतं? सावकाश चार्जिंगने बॅटरी कमी तापते, हा उलट फायदाच. टॅबच्या बॅटऱ्या मरतात त्या दुसऱ्याच कारणाने: पूर्ण उतरलेला टॅब महिनोन् महिने कपाटात पडून राहतो आणि मग चार्जच घेत नाही. बराच काळ ठेवायचाच असेल तर अर्धा भरून, बंद करून ठेवा. आतली बॅटरी चिकटवलेली असते. बदलायला बहुतेक टॅबची स्क्रीन तापवून उचलावी लागते आणि त्यात स्क्रीन फुटायचा धोका असतो.

व्हिडिओ कॉलसाठी कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल नाही, जागा बघा. टॅब आडवा ठेवल्यावर कॅमेरा वरच्या लांब कडेला हवा. आखूड कडेला असेल तर तुम्ही समोरच्याकडे बघत असता आणि त्याला वाटतं हा खिडकीबाहेर बघतोय. आयपॅडमध्येसुद्धा हा कॅमेरा लांब कडेवर पहिल्यांदा आला तो २०२२ च्या दहाव्या पिढीत. दुसरं म्हणजे उष्णता. टॅबला पंखा नसतो, परीक्षणातल्या वेगचाचण्या काही मिनिटांत उरकतात. तुम्ही तासभराच्या कॉलवर स्क्रीन शेअर करून बसा आणि शेवटी पीडीएफची पानं उलटून बघा. तेव्हाचा वेग तो खरा वेग.

टाइप-सी भोकावरून आतला वेग कळत नाही. त्याच २०२२ च्या आयपॅडला टाइप-सी होतं, पण वेग यूएसबी २ चा, ४८० एमबीपीएस. तुमच्या वापराला तो पुरतो. बाहेरचा मॉनिटर लावायचा विचार असेल तर मात्र "डिस्प्लेपोर्ट" हा शब्द शोधा, नसेल तर नाद सोडा. स्पीकर चार आहेत, छान आहे, पुढे जाऊ.

कीबोर्ड लावून लॅपटॉपचं काम भागेल, या आशेवर हा टॅब घेत असाल तर वजनाची बेरीज करून बघा. २०२० मध्ये १२.९ इंची आयपॅड प्रो ६४१ ग्रॅमचा आणि त्याचा मॅजिक कीबोर्ड ७१० ग्रॅमच्या आसपास, मिळून १.३५ किलो. त्याच वर्षीचा मॅकबुक एअर १.२९ किलोचा होता.

राहिला सगळ्यात मोठा दोष, अपडेट. "दोन आवृत्त्या" हे शब्द ऐकायला ठीक वाटतात, पण मोजणी टॅब बाजारात आला त्या दिवसापासून होते, तुम्ही घेतला त्या दिवसापासून नाही. सुरक्षेचे अपडेट किती वर्षं आणि दर महिन्याला की तीन महिन्यांनी, हे वेगळं विचारा. ऑक्टोबर २०१४ च्या आयपॅड एअर २ ला सप्टेंबर २०२१ चं आयपॅडओएस १५ (आयपॅडवरच्या आयओएसचं नंतरचं नाव) मिळालं. त्या मापाने दोन आवृत्त्या म्हणजे काहीच नाही. वाचन आणि टिपणं आवृत्ती जुनी झाली म्हणून थांबत नाहीत, हे मान्य. बँकेची आणि कॉलची ॲप मात्र आधी कुरकुरतात, मग नकार देतात. म्हणून या टॅबचं उपयोगी आयुष्य मी तीन वर्षं धरीन, फार तर चार, आणि किंमत त्या वर्षांनी भागून मगच "स्वस्त" म्हणेन.

तेव्हा ४/६४ ची आवृत्ती घेऊ नका, कितीही सूट असली तरी. ८/१२८ चा टॅब घ्यायला हरकत नाही, स्टोरेज यूएफएस असेल आणि पेन वरच्या तिन्ही चाचण्यांत उतरलं तर. चित्रकला "जमलंच तर" पुरती असेल तोवर हवेची फट चालून जाईल. ती खरंच मनावर घेणार असाल तर चिकटवलेल्या स्क्रीनचा आणि डब्यातच पेन देणारा टॅब शोधा, गेल्या वर्षीचा असला तरी. फक्त त्याच्या अपडेटची किती वर्षं उरलीत ते मोजून.

पेन नंतर नको, टॅबबरोबरच घ्या. तसं केलं तरच परत करायच्या मुदतीत तिरकी रेघ आणि अनुस्वार तपासता येतील. शिवाय अशी पेनं बहुधा त्या-त्या मॉडेललाच चालतात आणि टॅबची विक्री थांबली की पेनही बाजारातून नाहीसं होतं. जादा टोकांचं पाकीट मिळत असेल तर तेही आत्ताच घ्या.